वायरलेस टर्मिनल अडकतं, नोंदी डबल पडतात: दुरुस्ती होस्टच्या प्रोग्राममध्येच करावी लागते

तक्रार साधारण अशी येते. हातातल्या टर्मिनलवर बारकोड स्कॅन करत माणूस रॅकच्या मागे जातो आणि स्क्रीन जागच्या जागी थांबते. कोपऱ्यात नेटवर्कचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं, पण एंटर दाबून काही होत नाही. तो बॅटरी काढून परत घालतो, लॉगइन करायला जातो, तर होस्ट, म्हणजे ही टर्मिनलं ज्याला जोडलेली असतात तो मध्यवर्ती कॉम्प्युटर, सांगतो की हा युजर आधीच लॉगइन आहे. सुपरवायझर जुनं सेशन हाताने बंद करतो, काम पुढे सुरू होतं, आणि शिफ्ट संपताना हिशेब लावला की कळतं, मघाची सहा नगांची उचल दोनदा पडली आहे.

मग ॲक्सेस पॉइंट, म्हणजे टर्मिनलांना रेडिओने नेटवर्कशी जोडणारी पेटी, रीस्टार्ट होतो, एखादा जास्तीचा बसवला जातो, टर्मिनलचं फर्मवेअर बदललं जातं. चार दिवस बरे जातात आणि तक्रार परत हजर.

ती परत येते, कारण इलाज चुकीच्या टोकाला चाललेला असतो. रेडिओची लिंक तुटणारच. चालत्या माणसाच्या हातात यंत्र दिलं की ते गृहीतच धरायला हवं. होस्टचा प्रोग्राम मात्र वायर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. कनेक्शन म्हणजेच टर्मिनल, कनेक्शन उघडं आहे म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे, आणि उत्तर पोचलं नाही म्हणजे काम झालं नाही, या तीन समजुतींवर त्याची सगळी रचना उभी असते. वायरलेसवर तिन्ही खोट्या ठरतात. एकेक करून त्या प्रोग्राममधून काढल्या की हे दुखणं जातं.

खालचं बरंचसं टीसीपी सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या कनेक्शनच्या प्रोग्राममधल्या टोकावर, बोलणाऱ्या टर्मिनलांबद्दल आहे. सिरियल पोर्टवरच्या बेस स्टेशनसाठी लागणाऱ्या वेगळ्या गोष्टी मध्ये सांगितल्या आहेत.

आधी बघा, मग हात लावा

टर्मिनल अडकलेलं असतानाच होस्टवर दोन गोष्टी तपासा. नंतर तपासून उपयोग नाही, कारण बॅटरी काढली की पुरावा गेला.

पहिली गोष्ट, आपल्या पोर्टवर ‘एस्टॅब्लिश्ड’ अवस्थेत किती कनेक्शनं आहेत. विंडोजवर नेटस्टॅट, लिनक्सवर एसएस ही कमांड ते दाखवते. चालू टर्मिनलं तीस आणि कनेक्शनं सत्तेचाळीस दिसली, तर सतरा कनेक्शनांच्या पलीकडे आता कोणीच नाही. एसएसच्या यादीत ‘सेंड क्यू’चा रकानाही बघा. एखाद्या ओळीतला आकडा शून्यावर येतच नसेल, तर होस्ट त्या पत्त्यावर माहिती ढकलतोय आणि पोच येत नाहीये.

दुसरी गोष्ट, होस्टच्या नेटवर्क कार्डावर वायरशार्क किंवा टीसीपीडम्प लावून त्या टर्मिनलची पॅकेटं बघा. टर्मिनलकडून काहीच येत नसेल, तर बिघाड रेडिओत, ॲक्सेस पॉइंटमध्ये किंवा टर्मिनलमध्ये आहे. विनंती येतेय, टीसीपीची पोच जातेय, पण त्यावर उत्तराचा संदेश जात नाही, असं दिसलं तर तुमचा प्रोग्राम कुठेतरी अडकून बसलाय. बहुतेक वेळा डेटाबेसच्या लॉकवर. होस्ट उत्तर पाठवतोय आणि तेच पॅकेट दुप्पट होत जाणाऱ्या अंतराने पुन्हा पुन्हा जातंय, म्हणजे टर्मिनल त्या पत्त्यावर राहिलेलं नाही. आणि मध्येच रीसेट पॅकेट दिसलं, तर ते कोणी पाठवलं ते शोधा. बऱ्याचदा मधल्या फायरवॉलने निष्क्रिय कनेक्शनची नोंद पुसलेली असते आणि दोन्ही टोकांना त्याची खबर नसते.

यातल्या पहिल्या प्रकारात रेडिओवाल्याला बोलवा. बाकीच्या तिन्हींत तुमचा कोड उघडा.

होस्टला मेलेलं कनेक्शन कळत का नाही

प्रोग्राम नीट बंद झाला तर टीसीपी ‘मी संपवतोय’ असं सांगणारं फिन पॅकेट पाठवतं आणि समोरच्याला निरोप मिळतो. बॅटरी काढली, टर्मिनल रेंजबाहेर गेलं किंवा त्याचा आयपी पत्ता बदलला, तर असं काहीच पाठवलं जात नाही. आणि पाठवायला माहिती नसेल तर टीसीपी गप्प बसतं. तासन्‌तास गप्प बसलेलं कनेक्शन त्याच्या दृष्टीने ठणठणीत असतं.

कीपअलाइव्ह, म्हणजे पलीकडे कोणी आहे का हे बघायला टीसीपी स्वतःहून पाठवतं ती चाचणी, चालू केलंय म्हणून निर्धास्त राहू नका. लिनक्सवर डीफॉल्टने पहिली चाचणी ७,२०० सेकंदांनी जाते, नंतर दर ७५ सेकंदांनी एक अशा नऊ. म्हणजे टर्मिनल गेल्यापासून कनेक्शन मेल्याचं जाहीर होईपर्यंत २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. विंडोजवरही पहिली चाचणी दोन तासांनीच जाते. हा दोन तासांचा आकडा १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातून आलाय. तिथे डीफॉल्ट त्याहून कमी नसावं असं स्पष्ट लिहिलंय. होस्टकडे पाठवायला काही असेल तर थोडं लवकर कळतं, पण लिनक्सच्या पंधरा पुनर्प्रयत्नांच्या डीफॉल्टनुसार तिथेही साधारण ९२४ सेकंद जातात. पंधरा मिनिटं स्क्रीनकडे बघत कोणीही उभं राहत नाही, तो बॅटरी काढणारच.

तेव्हा आकडे बदला. प्रत्येक सॉकेटवर वेगळं ठरवता येतं: ६० सेकंद शांतता, मग दर १० सेकंदांनी चाचणी, तीन चुकल्या की बंद. लिनक्सवर ‘टीसीपी युजर टाइमआउट’ हा सॉकेट पर्यायही लावा, म्हणजे पोच न मिळालेली माहिती किती वेळ धरून ठेवायची तेही तुमच्या हातात येतं.

तरीही माझं ठाम मत असं की एवढ्याने भागत नाही. कीपअलाइव्हला उत्तर देतो तो टर्मिनलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेटवर्कचा भाग. त्यावर चालणारा तुमचा प्रोग्राम गोठला असेल तरी ते उत्तर येत राहतं. म्हणून ‘मी आहे’ असा छोटा संदेश टर्मिनलच्या प्रोग्रामनेच पाठवायला हवा: स्क्रीन जागी असताना दर ३० सेकंदांनी एक, आणि होस्टनेही त्याला उत्तर द्यायचं. लागोपाठ तीन चुकले की होस्टने सॉकेट बंद करावं. याने मधल्या फायरवॉलची नोंदही जिवंत राहते.

टेलनेटवर (होस्टची मजकुराची स्क्रीन दूरच्या यंत्रावर दाखवायची जुनी पद्धत) व्हीटी१०० किंवा ५२५० या प्रकारच्या स्क्रीन चालवत असाल आणि टर्मिनलच्या प्रोग्रामला हात लावता येत नसेल, तर होस्टकडून टेलनेटची ‘नोप’ आज्ञा पाठवत राहा. बाइट २५५ आणि त्यामागे २४१, बस. स्क्रीनवर काही उमटत नाही, पण टीसीपीला पोच मागावी लागते आणि मेलेलं कनेक्शन उघडं पडतं.

एक काळजी मात्र घ्या. सॉकेट बंद करणं आणि माणसाचं काम रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टर्मिनल खिशात असताना झोपतं, माणूस जेवायला जातो. सॉकेट दीड मिनिटात गेलं तरी चालेल, पण त्याचं सेशन, म्हणजे तो कोण, कुठल्या यादीच्या कितव्या ओळीवर होता, हे शिफ्टभर होस्टकडे राहिलंच पाहिजे. ही फारकत ज्या प्रोग्राममध्ये नाही, तिथे टाइमआउट कमी केला की लोक हैराण होतात आणि वाढवला की भुताटकीची कनेक्शनं साचतात. मग तो आकडा वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतो.

टर्मिनलची ओळख सॉकेटला चिकटवू नका

टीसीपी कनेक्शन चार गोष्टींनी ओळखलं जातं: दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट. यातली एकही बदलली की ते कनेक्शन संपलं. टर्मिनल वेगळ्या सबनेटच्या (नेटवर्कच्या वेगळ्या भागाच्या) ॲक्सेस पॉइंटवर गेलं आणि पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने नवा पत्ता दिला, तर जुनं कनेक्शन कुठल्याही उपायाने वाचत नाही. होस्टमधलं सेशनचं टेबल आयपी पत्त्यावर किंवा सॉकेटच्या क्रमांकावर बांधलेलं असेल, तर परत आलेलं टर्मिनल होस्टला अनोळखी वाटतं.

दुरुस्ती अशी करा. कनेक्ट झाल्यावर टर्मिनलचा पहिला संदेश ओळखीचा असावा: माझा टर्मिनल क्रमांक हा, माझ्याकडचा सेशन क्रमांक हा, आणि मला शेवटचं उत्तर मिळालं ते या संदेशाचं. होस्टने तो टर्मिनल क्रमांक आपल्या टेबलात शोधायचा. त्या नावावर आधीच एक कनेक्शन असेल तर जुनं बंद करायचं आणि नवं त्याच सेशनला जोडायचं. बहुतेक प्रोग्राम नेमकं उलट करतात. जुनं खरं मानून नव्याला ‘आधीच लॉगइन आहे’ म्हणत परत पाठवतात. विचार करा, एका टर्मिनलकडून नवं कनेक्शन आलंय याचा अर्थच असा की जुन्यावर आता कोणी नाही.

अर्थात नुसता टर्मिनल क्रमांक सांगून कोणालाही दुसऱ्याचं सेशन ताब्यात घेता येऊ नये. लॉगइनच्या वेळी होस्टने एक यादृच्छिक किल्ली द्यावी, ती परत जोडताना मागावी, आणि शक्य असेल तिथे हे सगळं टीएलएसवरून, म्हणजे कूटबद्ध कनेक्शनवरून, चालवावं.

हा बदल केल्यावर कधी कधी नवीनच लक्षण दिसतं: दोन टर्मिनलं दर काही सेकंदांनी आळीपाळीने तुटतात आणि जोडली जातात. घाबरू नका. एका टर्मिनलची सेटिंग दुसऱ्यावर कॉपी करताना टर्मिनल क्रमांकही कॉपी झालेला असतो आणि दोघं एकमेकांना हुसकावत असतात. क्रमांक हाताने टाकण्याऐवजी यंत्राच्या सिरियल नंबरवरून घ्या, म्हणजे ही भानगड मुळातच उद्भवणार नाही.

डबल नोंद: खरं नुकसान इथे होतं

अडकलेली स्क्रीन डोळ्यांना दिसते, डबल नोंद दिसत नाही. म्हणून ही सगळ्यात आधी दुरुस्त करा. ती कशी घडते ते लॉगमध्ये बघू (‘कमिट’ म्हणजे डेटाबेसमध्ये बदल कायमचा झाला). उदाहरणादाखल टर्मिनल १७:

१०:४२:०७ — टर्मिनल १७ कडून होस्टला: उचल, खण ब-१२, नग ६
१०:४२:०७ — होस्ट: साठ्यातून ६ वजा, कमिट
१०:४२:०७ — होस्टकडून टर्मिनल १७ ला: ठीक
१०:४२:१२ — टर्मिनल १७: पाच सेकंद झाले, उत्तर नाही, सॉकेट बंद, नवं उघडतोय
१०:४२:१४ — टर्मिनल १७ कडून होस्टला: उचल, खण ब-१२, नग ६
१०:४२:१४ — होस्ट: साठ्यातून ६ वजा, कमिट

तिसऱ्या ओळीतलं ‘ठीक’ निघालं तेव्हा टर्मिनल एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जात होतं. टर्मिनलच्या बाजूने बघितलं तर त्याने बरोबरच केलं; उत्तर नाही म्हणून पुन्हा पाठवलं. होस्टनेही बरोबर केलं. आलेली उचल नोंदवली. विनंती वाटेत हरवली की उत्तर हरवलं, हे टर्मिनलला बाहेरून ओळखता येत नाही आणि कधीच येणार नाही. त्यामुळे पुन्हा पाठवणं बंद करणं हा उपाय नव्हे, तसं केलंत तर नोंदी डबल पडण्याऐवजी गळायला लागतील. पुन्हा आलेला संदेश होस्टने ओळखला पाहिजे.

इथे एक पळवाट फार लोकप्रिय आहे: तोच बारकोड पाच सेकंदांत परत आला तर सोडून द्या. ती वापरू नका. एकाच मालाच्या दोन पेट्यांवर बारकोड एकच असतो आणि सरावलेला माणूस दोन सेकंदांत दोन्ही स्कॅन करतो. त्याची दुसरी पेटी तुम्ही गिळून टाकाल, आणि तोच संदेश अर्ध्या मिनिटाने परत आला तर डबल नोंद तशीच पडेल.

योग्य रीत म्हणजे प्रत्येक संदेशाला टर्मिनलने चढता क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक ठेवायचा. होस्टच्या डेटाबेसमध्ये एक टेबल ठेवा: सेशन क्रमांक, संदेश क्रमांक, दिलेलं उत्तर. पहिल्या दोन रकान्यांवर मिळून युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घालताच येणार नाही. संदेश आला की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही होणार नाही अशा गटात) आधी या टेबलात ओळ घाला, मग साठा बदला, उत्तर त्याच ओळीत लिहा, कमिट करा, आणि त्यानंतरच टर्मिनलला पोच पाठवा. ओळ घालताना इंडेक्सने अडवलं, तर हा संदेश आधी येऊन गेलाय. ट्रान्झॅक्शन मागे घ्या, साठवलेलं उत्तर वाचा आणि जसंच्या तसं पुन्हा पाठवा.

क्रम महत्त्वाचा आहे. पोच आधी आणि कमिट नंतर केलंत तर मधल्या क्षणी होस्ट बंद पडल्यावर नोंद हरवते आणि टर्मिनलला वाटतं काम झालं. कमिट आधी केलंत तर वाईटात वाईट म्हणजे टर्मिनल पुन्हा विचारेल, आणि उत्तर तर तयारच आहे. दोन टेबलं वेगवेगळ्या डेटाबेसांत किंवा वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनांत ठेवलीत तर हे सगळं कोसळतं, तेव्हा तो मोह टाळा.

एका वेळी एकच संदेश हवेत ठेवणाऱ्या टर्मिनलसाठी प्रत्यक्षात शेवटचं एकच उत्तर साठवून पुरतं. १९६९ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या बार्टलेट, स्कँटलबरी आणि विल्किन्सन यांनी तर दाखवून दिलं की लिंकवर संदेशांचा क्रम बदलत नसेल तर एक बिट आलटून पालटून वापरला तरी पुरे. आपल्याकडे मात्र कनेक्शन तुटून नवं होतं आणि जुन्या सॉकेटच्या बफरमध्ये अडकलेला संदेश उशिरा बाहेर पडू शकतो. म्हणून ३२ बिटांचा आकडा घ्या आणि नियम कडक ठेवा: शेवटच्या क्रमांकापुढचा आला तर नवं काम, तोच आला तर साठवलेलं उत्तर, त्याहून जुना आला तर सोडून द्या, आणि मध्ये फट सोडून पुढचा आला तर ओळखीच्या संदेशापासून पुन्हा सुरुवात करायला सांगा.

बॅटरी काढल्यावर टर्मिनलचा मोजणारा आकडा परत १ वर येतो, हे विसरू नका. सेशन क्रमांक होस्टने द्यावा तो यासाठीच. टर्मिनलकडे सेशन क्रमांक उरला नसेल तर होस्ट नवा देतो आणि मोजणी १ पासून सुरू होते. जुन्या १ शी गल्लत होत नाही. माणसाचं अर्धवट काम त्याच्या लॉगइनवरून नव्या सेशनमध्ये आणा आणि पहिल्याच स्क्रीनवर दाखवा: ‘शेवटची नोंद: खण ब-१२, नग ६, झाली.’ ही एक ओळ माझ्या मते सगळ्या तांत्रिक करामतींइतकीच मोलाची आहे. बॅटरी काढलेल्या माणसाला आपली उचल गेली की नाही हे माहीत नसतं, आणि शंका आली की तो पुन्हा स्कॅन करतो. त्या स्कॅनला नवा क्रमांक मिळतो, म्हणजे तिथे तुमचा इंडेक्सही त्याला वाचवू शकत नाही.

टर्मिनल फक्त टेलनेटच बोलतं, क्रमांक द्यायची सोयच नाही? मग कामाची रचना बदला. उचलीच्या यादीतली प्रत्येक ओळ ‘बाकी’ अवस्थेत ठेवा आणि बदल करताना अट घाला की अवस्था अजून ‘बाकी’ असेल तरच ‘झाली’ करायची. दुसऱ्यांदा आलेली तीच आज्ञा शून्य ओळी बदलते. सोबत वायरच्या बाजूला एक मध्यस्थ प्रोग्राम ठेवा, जो होस्टशी टेलनेट सेशन धरून राहील आणि टर्मिनल परत आलं की तीच स्क्रीन पुन्हा काढून देईल.

एक टर्मिनल गेलं की सगळी का थांबतात

हे लक्षण दिसलं तर रेडिओकडे बघूसुद्धा नका. होस्टमध्ये एकच लूप सगळ्या सॉकेटांवर लिहितोय आणि त्याचं लिहिणं थांबून राहणारं आहे. रेंजबाहेर गेलेल्या टर्मिनलचं पाठवणीचं बफर भरतं, लिहिणारी ओळ तिथेच अडकते, आणि बाकीची एकोणतीस टर्मिनलं तिची वाट बघत राहतात. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा, प्रत्येक टर्मिनलसाठी वेगळी रांग ठेवा, रांगेला मर्यादा घाला आणि मर्यादा ओलांडली की फक्त ते सॉकेट बंद करा.

याचंच दुसरं रूप डेटाबेसमध्ये दिसतं: ओळ लॉक करून प्रोग्राम माणसाच्या एंटरची वाट बघत बसतो. माणूस रेंजबाहेर गेला की लॉक तसंच. टर्मिनलकडून काहीही यायचं असेल तेव्हा ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका, हा नियम अपवाद न करता पाळा. आरक्षण करायचंच असेल तर लॉक न वापरता रकाना वापरा: कोणाकडे आहे आणि किती वाजेपर्यंत.

अर्धा बारकोड, चिकटलेले संदेश

टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे, त्यात संदेशाच्या सीमा नसतात. टेबलावरच्या चाचणीत एका वाचनात एक संदेश मिळतो आणि सगळं सुरळीत वाटतं. रेडिओवर पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, मागची माहिती साचते, आणि एका वाचनात दीड संदेश हातात येतो. प्रत्येक कनेक्शनचं स्वतंत्र बफर ठेवा आणि पूर्ण संदेश जमल्यावरच तो पुढे द्या. कनेक्शन नवं झालं की बफर रिकामं करा.

सीमा दाखवायला सुरुवातीला लांबी लिहिणं मला सगळ्यात सुरक्षित वाटतं. विभाजक चिन्ह वापरलंत तर बारकोडमध्येच ते येऊ शकतं. जीएस१ बारकोडमध्ये रकाने वेगळे करायला अस्की २९ येतं आणि क्यूआर कोडमध्ये तर नवी ओळही असू शकते. बारकोड मजकूर म्हणूनच साठवा. त्याचा आकडा केलात की सुरुवातीची शून्यं गळतात.

उत्तरं बरोबर आहेत पण प्रत्येक स्क्रीन किंचित रेंगाळते, अशी तक्रार असेल तर बहुधा नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवायची टीसीपीची सवय) आणि उशिरा जाणारी पोच यांची सांगड पडली आहे. पूर्ण संदेश एकाच वेळी लिहा आणि ‘टीसीपी नोडिले’ चालू करा.

सिरियल पोर्टवरचं बेस स्टेशन असेल तर

९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. वीस टर्मिनलांना प्रत्येकी ४०० अक्षरांची पूर्ण स्क्रीन पाठवायची तर आठ सेकंदांहून जास्त लागतात, आणि टर्मिनल पाच सेकंदांत कंटाळलं तर पुन्हा पाठवण्याने लाइन आणखी तुंबते. फक्त बदललेले रकाने पाठवा. एक्सऑन-एक्सऑफ (ठरावीक अक्षरं पाठवून लाइन थांबवायची-चालू करायची पद्धत) चालू असेल आणि माहितीत अस्की १९ हे ‘थांब’चं अक्षर आलं तर लाइन थांबून राहते. हार्डवेअर फ्लो कंट्रोल वापरा. सिरियल लाइन बाइट बिघडला तर स्वतःहून सांगत नाही, म्हणून प्रत्येक संदेशाला सीआरसी, म्हणजे बिघाड ओळखायचा पडताळणीचा आकडा, जोडा. क्रमांकांचे वरचे नियम इथेही तेच.

टाइमआउट एकमेकांशी जुळवा

होस्टच्या डेटाबेसचा टाइमआउट टर्मिनलच्या वाट बघण्यापेक्षा कमी हवा. टर्मिनल पाच सेकंद थांबणार असेल तर होस्टने तीनमध्ये हो किंवा नाही सांगायलाच हवं. उलटं असेल तर पहिला संदेश अजून प्रक्रियेत असताना दुसरा येतो. युनिक इंडेक्स असल्यास डबल नोंद होत नाही, पण दोन्ही अडकून वेळ जातो.

पुन्हा प्रयत्न करताना अंतर दुप्पट करत जा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा. वीज जाऊन आली की सगळी टर्मिनलं एकाच क्षणी होस्टवर धाव घेतात, आणि ठरावीक अंतराने प्रयत्न केले तर पुन्हा पुन्हा एकाच क्षणी धडकतात. हे शहाणपण जुनं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने अलोहानेट सुरू केलं ते बेटांवरची टर्मिनलं रेडिओने मध्यवर्ती कॉम्प्युटरला जोडायलाच. पोच आली नाही तर यादृच्छिक वेळ थांबून पुन्हा पाठवायचं, ही रीत तिथली. कसलाही समन्वय नसलेल्या त्या मूळ पद्धतीत चॅनेलच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के उपयोग होऊ शकतो, हेही तेव्हाच हिशेबाने निघालं. गर्दीत प्रत्येकाने जोर लावला तर कोणाचंच काम होत नाही, हे त्या आकड्यात दिसतं.

खरंच रेडिओचा दोष असेल तर

एवढं बघा: सगळी टर्मिनलं एकाच सबनेटमध्ये आहेत का, म्हणजे फिरताना पत्ता बदलणार नाही, ॲक्सेस पॉइंट बदलताना दर वेळी ८०२.१एक्सची पूर्ण ओळखपरेड होतेय का, आणि होत असेल तर ती झटपट उरकणारं ८०२.११आर चालू करता येतं का, आणि २.४ गिगाहर्ट्झवर शेजारचे ॲक्सेस पॉइंट १, ६, ११ यांपैकी वेगवेगळ्या चॅनेलवर आहेत का. धातूचे रॅक आणि पाण्याने भरलेला माल सिग्नल अडवतात, तेव्हा मोजणी रिकाम्या गोदामात न करता भरलेल्या गोदामात करा.

चाचणी: नीट बंद करू नका, तोडा

बहुतेक दुरुस्त्या टेबलावर पास होतात आणि कामावर नापास, याचं कारण चाचणीतच असतं. टर्मिनलचा प्रोग्राम बंद करून बघितलं तर फिन जातं, होस्टला लगेच कळतं आणि सगळं छान दिसतं. खऱ्या आयुष्यात फिन येत नाही. म्हणून होस्टच्या फायरवॉलमध्ये त्या टर्मिनलची पॅकेटं गुपचूप टाकून देणारा नियम लावा. नकार कळवणारा नियम नको, नुसता टाकून देणारा हवा. लिनक्सच्या नेटएम या खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सोयीने वीस टक्के पॅकेटं हरवायला लावा आणि अर्धा सेकंद उशीर घाला. अशा वातावरणात टर्मिनलवरून सलग नोंदी करा आणि शेवटी साठा हाताने मोजलेल्या आकड्याशी ताडून बघा.

मग नेमके घाव घाला. कमिट झाल्यावर आणि पोच जाण्याआधी होस्टचा प्रोग्राम मारा. परत सुरू केल्यावर नोंद एकच असली पाहिजे आणि टर्मिनलला साठवलेलं उत्तर मिळालं पाहिजे. एंटर दाबल्या दाबल्या बॅटरी काढा. परत आल्यावर ‘शेवटची नोंद’ची ओळ खरी असली पाहिजे. टर्मिनलला दुसऱ्या सबनेटमध्ये ढकला. लॉगइन न मागता त्याच ओळीवर काम सुरू झालं पाहिजे. सगळे ॲक्सेस पॉइंट एकदम बंद करून चालू करा आणि किती वेळात सगळी टर्मिनलं परत जोडली जातात ते बघा.

लॉगच्या प्रत्येक ओळीत टर्मिनल क्रमांक, सेशन क्रमांक आणि संदेश क्रमांक लिहा, आणि सॉकेट बंद केलं तर का केलं तेही: ‘मी आहे’चा संदेश चुकला, नवं कनेक्शन आलं, रांग भरली, की समोरून फिन आलं. साठवलेलं उत्तर पुन्हा द्यावं लागलं की वेगळी नोंद करा आणि त्यांची मोजदाद टर्मिनलनिहाय रोज काढा. ज्या टर्मिनलचा हा आकडा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसेल, त्याचा अँटेना, बॅटरी किंवा ते ज्या कोपऱ्यात फिरतं तिथला सिग्नल आधी तपासा.